तिथल्या पायऱ्या कोण घाण करणार?

प्रिय दिन्या,

पत्राला उत्तर दिलं नाही म्हणून रागावला असशील, तर तो राग जपून ठेव, त्याचा हिशोब नंतर करू. आत्ता मला तुझ्याशी भांडायचंय, आणि तसं भांडण इथे दुसऱ्या कुणाशी जमत नाही. तब्येत ठीक. गुडघा कुरकुरतोय, पण या वेळी त्याच्याकडे कारण आहे.

पायऱ्या पुसतानाचा माझा तो व्हिडिओ तू पाहिलाच असशील. बंड्याने तो तुला पाठवला नाही असं होणारच नाही. सफाईचा ठेका बदलला, जुन्या बायकांचे पगार अडकले, हे त्या इमारतीत वर-खाली करणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक होतं. कार्यालय उघडायच्या वेळी मी बादली घेऊन बसले आणि बंद होईपर्यंत पायऱ्या पुसल्या. फलक नाही, घोषणा नाही. (तुझा चेहरा दिसतोय मला.) कुणी चढलं की ओल्या दगडावर बुटाचा ठसा उमटायचा, तो मी त्याच्या पाठोपाठ पुसायचे. एवढंच. सुरुवातीला लोक वैतागले, मग एकेक जण थबकायला लागला. एक गृहस्थ चपला हातात घेऊन चढले. एक मुलगी कठड्याला धरून चवड्यांवर गेली आणि वर पोचल्यावर वळून आपला ठसा उमटला का ते शोधत राहिली.

कल्पना माझी नाही हे तू गावभर सांगण्याआधी मीच सांगते. युकेलीसबाई, ती अमेरिकन कलाकार. मूल झाल्यावर दिवस सगळा पुसण्या-आवरण्यातच जातो हे लक्षात आलं, तेव्हा तिने १९६९ मध्ये जाहीरनामा काढला की हे आवरणं हीच माझी कला. आणि १९७३ मध्ये हार्टफर्डच्या वॉड्सवर्थ अथेनियम संग्रहालयाच्या पायऱ्या आणि फरशा धुतल्या. तिच्यावरून आपण पहिल्यांदा भांडलो तेव्हा तू विचारलं होतंस, 'धुण्याला कला म्हटलं की धुणारीला पगार मिळतो का?' अप्पांनी मध्ये पडून दोघांनाही बाहेर काढलं होतं.

तर दुपारी तिथल्या सफाईच्या एक मावशी आल्या. बराच वेळ बघत राहिल्या. मग खाली बसल्या, माझ्या हातातलं फडकं घेतलं आणि म्हणाल्या, "बाई, वरून खाली या. खालून वर गेलात तर धुतलेलं परत घाण होतं. आणि पिळायचं मनगटातून, बोटांनी नाही." त्यांनी तीन पायऱ्या पुसल्या. माझ्या सकाळपासूनच्या सगळ्या पायऱ्यांपेक्षा त्या तीन स्वच्छ होत्या, कोपऱ्यासकट. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मावशींनी मागे वळून पाहिलं, कोण आलंय म्हणून.

आता खरी गोष्ट. त्या व्हिडिओमुळे एका कला महोत्सवाचं निमंत्रण आलंय. हाच प्रयोग दालनात करायचा. लाकडी पायऱ्या ते बनवून देणार, पाणी मात्र बेतानं वापरायचं. मावशीही हव्यात, पत्रात त्यांना 'सहकलाकार' म्हटलंय. मावशींना वाचून दाखवलं तर त्यांनी दोनच गोष्टी विचारल्या. खाडा पडेल त्याचं काय? आणि तिथल्या पायऱ्या कोण घाण करणार?

दुसऱ्या प्रश्नापासून माझी झोप उडालीय.

युकेलीसनेच त्याच १९७३ मध्ये आणखी एक गमतीची गोष्ट केली होती. ममीच्या पेटीची काच आधी संग्रहालयातल्या सफाई कामगाराने पुसली. मग तीच काच तिने पुसली आणि वर शिक्का मारला की ही कलाकृती झाली. झालं! आता त्या कामगाराला काचेला हात लावायची सोय राहिली नाही, कारण कलाकृती पुसायची तर संग्रहालयाचा जतनतज्ज्ञच लागतो. तेच फडकं, तीच काच. तिने हे मुद्दाम दाखवून दिलं. माझ्या बाबतीत ते उद्या आपोआप होईल. मावशींच्या हातातलं फडकं 'कला' होईल आणि दालन बंद झाल्यावर तो लाकडाचा जिना पुसायला तिसरीच कुणी येईल, तिचं नाव पत्रिकेत नसेल.

तू म्हणशील, मग जाऊ नकोस, विषय संपला. तुझा विषय नेहमी लवकर संपतो. ग्वातेमालाची कलाकार गालिंदो, तिच्या वेळीही संपला होता. २००३ मध्ये माजी हुकूमशहा रिओस माँटला न्यायालयाने राष्ट्राध्यक्षपदाची निवडणूक लढवायला मोकळीक दिली, तेव्हा ती ग्वातेमालाच्या घटना न्यायालयापासून राष्ट्रीय राजवाड्यापर्यंत अनवाणी चालत गेली. हातात माणसाच्या रक्ताचं घमेलं, त्यात पाय बुडवत, रस्त्यावर लाल पावलं उमटवत. 'तो तिच्या पावलांमुळे हरला का?' असं तू विचारलंस. पावलांमुळे नसेल हरला, पण हरला. आणि आपलं पथनाट्य बघून तरी दुसऱ्या दिवशी कुणाचा पगार वाढला होता रे? घसा तेवढा बसायचा, तुझा.

माझी अडचण वेगळी आहे. प्रयोग पुन्हा करू नये असं मी वर्षानुवर्षं सांगत आले, आणि तू दर वेळी पथनाट्यवाला सफदर हाश्मी काढायचास. १ जानेवारी १९८९ ला साहिबाबादजवळच्या झंडापूरमध्ये नाटक चालू असताना हल्ला झाला, दुसऱ्या दिवशी सफदर गेला, आणि ४ तारखेला त्याची बायको मोलोयश्री आणि बाकीच्यांनी तिथेच जाऊन 'हल्ला बोल' पूर्ण केलं. या उदाहरणापुढे मी नेहमी गप्प बसायचे. आत्ता सुचतंय की त्यातला जोर 'पुन्हा'मध्ये नसून 'तिथेच'मध्ये आहे. तेच नाटक त्या आठवड्यात एखाद्या वातानुकूलित सभागृहात झालं असतं तर?

क्युबाची कलाकार तानिया ब्रुगेरा, तिचंही तेच. २००९ च्या हवाना बिएनाले या कला महोत्सवात तिने ध्वनिक्षेपक ठेवला. ज्याला बोलायचंय त्याने एक मिनिट काय हवं ते बोलावं, खांद्यावर पांढरं कबूतर, बाजूला गणवेशातली दोन माणसं. ते पार पडलं. तेच २०१४ च्या डिसेंबरमध्ये हवानाच्या क्रांती चौकात करायचं ठरवलं, तर चौकात पोचण्याआधीच तिला पकडलं. सरकारला जागेचं महत्त्व आपल्यापेक्षा चांगलं कळतं.

म्हणजे उत्तर मला माहीत आहे असं तुला वाटेल. नाही. मला जायचंय, दिन्या. महोत्सवाच्या अर्जात एक रकाना आहे, 'कलाकृतीमागची वैयक्तिक प्रेरणा'. ती बादली कुठली होती हे तुला व्हिडिओत दिसलं असेल, कडीला सुतळी गुंडाळलेली. बंड्याने ओळखली नाही. तू ओळखली असशील म्हणूनच हे पत्र. सगळे म्हणतात ठेकेदाराविरुद्ध काय छान आंदोलन केलंस, आणि मी मान डोलावते. ठेकेदारावरचा राग खरा आहे, त्यात खोट नाही. पण त्या पायऱ्यांवर दिवसभर मी ज्या बाईशी बोलत होते ती मावशी नव्हे. ते त्या रकान्यात लिहिलं तर मावशींचा पगार मागे पडतो आणि माझी आई पुढे येते. नाही लिहिलं तर मला त्या दालनात जायचं कारणच उरत नाही. तू इथे असतास तर म्हणाला असतास, दोन्ही एकाच बादलीत बुडव. म्हणायला सोपं आहे, तुझ्या हातात कायम डफ असायचा.

रेवाचं ठरलं हे ऐकून फार आनंद झाला, मुलगा बरा दिसतो फोटोत, कान तुझ्यासारखे नाहीत हे उत्तम. तुझ्या बदलीचं काय झालं? वहिनींना नमस्कार.

मावशींशी काल परत बोलले. म्हणाल्या, महोत्सववाल्यांनाच इथे बोलवा की, पायऱ्या तयार आहेत. आणि त्या दिवसाची मजुरी त्यांनी सगळ्याजणींना द्यावी, एकट्या मला नको, बाकीच्या बोलायच्या बंद होतील. मी महोत्सवाला हेच कळवायचं म्हणतेय. ते नाही म्हणतील. मग मी एकटी जाऊ का, एवढंच सांग. पत्रानेच सांग, फोनवर तू ओरडतोस.

तुझी,
मंगल