घराकच असतंय

मालवण

प्रिय बाय,

तुझ्या प्रबंधासाठीची प्रश्नावली मिळाली. काल दुपारी जेवणं आटोपल्यावर पडवीत बसून वाचली, रात्री पुन्हा पेन्सिल घेऊन बसले. कामधंदा, शिक्षण, आजारपणाचा खर्च असे तीन भाग पाडलेस ते बरं केलंस. भाषाही साधी आहे, बायकांना कळेल. पण पहिल्याच पानावर ‘आपण कोणते काम करता?’ या प्रश्नाशी माझी पेन्सिल अडली. तो असाच ठेवलास तर अर्धी वाडी तुला एकच उत्तर देईल आणि ते खरं नसेल. कुणाला तुला फसवायचं नसेल, तरी खरं नसेल. हाच प्रश्न मी दारोदार फिरून विचारलेला आहे, म्हणून सांगते.

२०११ च्या फेब्रुवारीत जनगणनेचं काम आम्हा शिक्षकांवर होतं. तू तेव्हा पाचवीत होतीस, संध्याकाळी आजीकडे राहायचीस. शाळा सुटली की मी फॉर्मांची पिशवी घेऊन निघायचे. एके दिवशी खालच्या वाडीत काकींकडे गेले. त्या पडवीत ओले काजू फोडत बसल्या होत्या. हिरवी बी विळीवर उभी चिरायची, आतला गर काडीने अलगद सोडवायचा, आणि तो अख्खा निघाला पाहिजे, कारण तुटलेल्या गराला बाजारात कुणी हात लावत नाही. शंभर झाले की पानात बांधायचे. त्यांनी हातांना राख चोळली होती, तरी चिकाने बोटं काळी पडली होती आणि उजव्या अंगठ्याची साल निघून आतलं लाल दिसत होतं. मी विचारलं, “काकी, काम काय करता?” विळीवरचा हात न थांबवता त्या म्हणाल्या, “खंयचा काम, बाई? काय नाय. घराकच असतंय.”

मी ‘घरकाम’ लिहिलं, चहा घेतला आणि पुढच्या घरी गेले.

रात्री फॉर्म तपासताना तो अंगठा डोळ्यांसमोरून हलेना. प्रशिक्षणात आम्हाला बजावलं होतं की बायकांना नीट खोदून विचारा, घरच्या शेतात बिनपगारी राबते तेही काम धरा. मी ऐकलं होतं आणि विसरले होते. दुसऱ्या दिवशी पुन्हा गेले. या वेळी कामाचं नाव काढलं नाही. म्हटलं, काकी, गेल्या पावसाळ्यापासून एकेक महिना सांगा. आषाढात लावणी. मग बेणणी. दसरा-दिवाळीच्या सुमारास कापणी, झोडणी. थंडीत कुळीथ आणि परड्यातली भाजी, ती डोक्यावरून बाजारात. माघापासून ओले काजू, मग सुके. वैशाखात आमसुलं. पावसाच्या आधी सुकी मासळी भरून ठेवायची. दोन गाई तर बारा महिने. फॉर्मात ‘सहा महिने किंवा अधिक’ असा रकाना होता. काकींनी बोटांवर मोजून पाहिलं, मोकळा असा एक महिना निघेना. त्यांनाच नवल वाटलं. मी आदलं उत्तर खोडून नवं लिहिलं.

पण त्यांच्याआधीची कितीतरी घरं मी त्याच एका शब्दावर उरकली होती. काही घरी परत गेले, सगळीकडे जाणं झालं नाही, फॉर्म जमा करायची तारीख आली. त्या बायका देशाच्या हिशेबात आजही बिनकामाच्या आहेत, आणि ते माझ्या अक्षरात आहे. हे मी तुला आजवर सांगितलं नव्हतं.

म्हणून २०२३ मध्ये क्लॉडिया गोल्डिन यांना अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं तेव्हा तू फोनवर जे सांगितलंस ते माझ्या मनात घर करून राहिलं. अमेरिकेच्या जुन्या नोंदींत लग्न झालेल्या बाईच्या धंद्यापुढे नुसतं ‘पत्नी’ लिहिलेलं असायचं. शेतावर राबो, घरी बसून माल तयार करो, लिहायचं ‘पत्नी’. गोल्डिनबाईंनी दोनशे वर्षांची कागदपत्रं धुंडाळून ती मोजणी दुरुस्त केली, आणि १८९० च्या दशकाच्या अखेरीस कामात असलेल्या विवाहित बायकांचं प्रमाण जनगणनेतल्या आकड्याच्या जवळजवळ तिप्पट निघालं. तिकडे मोजणाऱ्याने ‘पत्नी’ लिहिलं, इकडे मी ‘घरकाम’. तुझ्या आजीचंच बघ. १९८२ च्या जानेवारीत गिरण्यांचा संप सुरू झाला, आजोबांची मनीऑर्डर बंद झाली, ते गावी परतले, आणि त्यानंतरची कित्येक वर्षं हे घर आजीच्या काजूंवर आणि आमसुलांवर उभं राहिलं. तिच्या रेशनकार्डावर शेवटपर्यंत ‘गृहिणी’च होतं.

आता तू म्हणतेस की सरकारच्या श्रमबल सर्वेक्षणात कामात असलेल्या किंवा काम शोधणाऱ्या बायकांचा टक्का २०१७-१८ मध्ये २३.३ होता, तो २०२३-२४ मध्ये ४१.७ झाला. पंधरा वर्षांवरच्या बायकांचा. वाढ मोठी आहे, पण तुझ्या प्रबंधात ती लिहिताना हात जपून चालव. या वाढीतला मोठा भाग खेड्यांतला आहे, आणि त्यातल्या पुष्कळ जणी घरच्याच शेतात किंवा धंद्यात मदत करणाऱ्या, हातात पैसा न पडणाऱ्या. त्या मोजल्या गेल्या याचा मला मनापासून आनंद आहे. पण मोजल्या जाणं आणि मजुरी मिळणं या दोन गोष्टी एकाच वाक्यात मिसळू नकोस. आपल्याकडे आंब्याच्या बागेत गड्याची मजुरी वेगळी आणि बाईची वेगळी, हे तू लहानपणापासून बघतेस.

आकडा कुठून आला ते न बघता वाचला की काय होतं, त्याचं आपल्याच जिल्ह्याचं उदाहरण देते. त्याच २०११ च्या जनगणनेत सिंधुदुर्गात हजार पुरुषांमागे १०३६ बायका होत्या, रत्नागिरीत ११२२. बाहेरचे लोक म्हणतात, बघा, कोकणात मुलींना किती मान! मान असेलही. पण त्या आकड्यात मुख्य गोष्ट आहे ती मुंबईला गेलेल्या पुरुषांची. दोन्ही जिल्ह्यांची लोकसंख्या त्या दहा वर्षांत घटली, रत्नागिरीची १६ लाख ९७ हजारांवरून १६ लाख १५ हजारांवर आली. मागे शेत, गुरं, म्हातारी माणसं आणि पोरं सांभाळायला राहिलं कोण, तर या ‘घरीच’ असणाऱ्या.

शिक्षणाच्या भागाबद्दल थोडंच लिहिते, तिथे तुझे प्रश्न चांगले आहेत. फक्त ‘दहावी पास/नापास’ एवढ्यावर थांबू नकोस. कोकण मंडळाचा निकाल राज्यात वरच असतो, त्यामुळे त्या रकान्यात सगळ्या घरांचं उत्तर सारखंच येईल. पास झाल्यावर मुलगा कुठे गेला आणि मुलगी कुठे गेली, ते विचार. सक्तीच्या मोफत प्राथमिक शिक्षणाचं विधेयक १९११ साली मांडणारे गोपाळ कृष्ण गोखले आपल्या गुहागरजवळच्या कोतळूकचे. तो हक्क कायद्यात यायला २००९ उजाडलं. आणि आता शाळा आहे, बाई आहेत, पण माझ्या नोकरीच्या शेवटच्या वर्षी पटावर नऊ मुलं होती. हेही तुझ्या विषयात बसतं.

आजारपणाच्या भागात मात्र एक ओळ वाढवच. बाबांच्या छातीत दुखायला लागलं ती रात्र तुला आठवत असेल. धो धो पाऊस, जवळ हृदयाचा डॉक्टर नाही, भाड्याची गाडी करून गोव्यातलं बांबोळीचं हॉस्पिटल गाठलं. जीव वाचला, त्या डॉक्टरांचे उपकार मी विसरणार नाही. खर्च मी वहीत लिहून ठेवला होता: गाडी, औषधं, राहणं, जेवण. तुझ्या प्रश्नावलीत हे सगळं येतं. पण अकरा दिवस त्यांच्या उशाशी बसली तुझी आत्या. ती तेव्हा काजूच्या कारखान्यात सोलायला जायची, किलोवर मजुरी. अकरा दिवस ती बुडाली, आणि ते तिने मला दोन वर्षांनी, तेही बोलता बोलता सांगितलं. माझ्या वहीत तो खर्च नव्हता. तू म्हणतेस देशात आरोग्यावर होणाऱ्या एकूण खर्चात लोकांच्या खिशातून जाणारा वाटा २०१३-१४ मध्ये ६४.२ टक्के होता, तो २०२१-२२ मध्ये ३९.४ टक्क्यांवर आला. चांगलंच झालं. पण आत्याची मजुरी त्या पहिल्या आकड्यातही नव्हती आणि दुसऱ्यातही नाही.

तू सांगितलेली अमेरिकेतल्या ओरेगनची गोष्ट मी आत्यालाही सांगितली. २००८ साली तिथे गरिबांच्या सरकारी विम्यात जागा कमी होत्या म्हणून चिठ्ठ्या टाकल्या, आणि त्यामुळे विमा मिळालेले आणि न मिळालेले यांची तुलना करता आली. दोन वर्षांनी बघितलं तर रक्तदाबात म्हणावा असा फरक नव्हता, पण माणसांचं नैराश्य कमी झालं होतं आणि दवाखान्याच्या बिलाखाली घर बुडणं जवळपास थांबलं होतं. आत्या ऐकून घेत राहिली, मग म्हणाली, “झोप तरी लागली असतली त्यांका.” हे वाक्य तुझ्या वहीत उतरवून ठेव.

आता प्रश्नावलीत काय बदलायचं ते. २०१९ मध्ये लोकांचा वेळ कशात जातो याचं सरकारी सर्वेक्षण झालं, त्यात पहाटे चारपासून दुसऱ्या पहाटे चारपर्यंतचा अख्खा दिवस विचारला होता. बिनपगारी घरकाम करणाऱ्या बायकांची त्यात दिवसाला २९९ मिनिटं जातात आणि ते करणाऱ्या पुरुषांची ९७, हे तूच मला दाखवलंस. तसंच कर. ‘काम’ हा शब्दच काढून टाक. काल उठल्यापासून काय काय केलंत, असं विचार. मग महिन्यांवर ये, आणि इंग्रजी महिने नकोत, लावणी, गणपती, शिमगा असे धर, म्हणजे पटापट आठवेल. घरात पुरुष माणूस उत्तर द्यायला पुढे आला तर त्याला पाणी आणायला सांग आणि बाईकडेच बघून बोल. आणि कागद मांडीवर लगेच काढू नकोस.

मी काल संध्याकाळी काकींकडे जाऊन आले. आता त्यांना विळीवर फार वेळ बसवत नाही, सून फोडते. तू मे महिन्यात येऊन विचारणार आहेस म्हटल्यावर त्या म्हणाल्या, येऊ दे, सांगतंय सगळा, पण आमसुलां वाळत घातलेली असतली, दुपारचा येऊ नको म्हणून सांग. तेव्हा संध्याकाळी पाचनंतरची वेळ धर. सुनेलाही विचार, तिचा फॉर्म वेगळा भर. ओल्या काजूगरांचं एक पुडकं रात्रीच्या गाडीने पाठवते आहे, शंभर आहेत, काकींनी मोजून दिलेत.

तुझी
आई