गंगेच्या अलीकडचे नाशिकही यात्रेकरूंना दिसावे

महोदय,

२०२७ च्या सिंहस्थानिमित्त रामकुंड, काळाराम मंदिर आणि तपोवन यांविषयी सध्या बरेच छापून येते, आणि ते योग्यच आहे. परंतु गंगेच्या, म्हणजे आम्हा नाशिककरांच्या गोदावरीच्या, अलीकडे, रविवार कारंजापासून तिवंध्यापर्यंत पसरलेल्या जुन्या नाशकाचा त्यात क्वचितच उल्लेख असतो. यात्रेकरू स्नान आणि दर्शन आटोपून परततो व पूल ओलांडल्यावर लागणारे हे गाव पाहायचे राहूनच जाते, याची माझ्यासारख्या येथील जुन्या रहिवाशाला मनापासून खंत वाटते.

होळकर पुलाजवळच गंगाधर यशवंत चंद्रचूड यांनी १७५६ मध्ये बांधलेले सुंदरनारायण मंदिर आहे. पुढे सराफ बाजारात पेशवेकालीन सरकारवाडा आहे. तिळभांडेश्वर गल्लीत सावरकर बंधूंच्या मित्रमेळ्याच्या बैठका होत, त्याच संघटनेचे १९०४ मध्ये ‘अभिनव भारत’ असे नामकरण झाले. आणि २१ डिसेंबर १९०९ रोजी विजयानंद नाट्यगृहात अनंत कान्हेरे यांनी कलेक्टर जॅक्सनवर गोळ्या झाडल्या. हे सारे पायी फिरून सहज पाहता येण्याजोगे आहे. गेल्या वर्षी बाहेरगावच्या पाहुण्यांना घेऊन मी निघालो, तेव्हा मात्र प्रत्येक ठिकाणी मलाच थांबून माहिती सांगावी लागली, कारण नजरेत भरेल असा फलक वाटेत एकही आढळला नाही.

त्या पाहुण्यांना सर्वांत अधिक भावली ती रहाड, म्हणजे रंग खेळण्याचा जमिनीतील हौद. नाशिककर रंग खेळतात तो रंगपंचमीला, आणि तोही पेशवाईपासून चालत आलेल्या या रहाडींत. वर्षभर ज्या जागेवरून माणसे आणि हातगाड्या जात-येत असतात, तेथील माती आणि लाकडी ओंडके बाजूला केले की खाली हौद दिसू लागतो. रंग कालवून झाला, पूजा झाली की पोरे वरून धप्पा मारतात, म्हणजे हौदात धपकन उडी घेतात, आणि काठावर उभा असलेला माणूसही डोक्यापासून पायापर्यंत भिजून निघतो. प्रत्येक रहाडीचा रंग ठरलेला; आमच्या तिवंध्याचा पिवळा, तर पंचवटीतील शनी चौकाचा गुलाबी. तांबट आळीत पूर्वी दिवसभर चालणारे मठारकामाचे, म्हणजे भांडी ठोकून घडवण्याचे, ठोके आता विरळ झाले आहेत, तरी हंड्याच्या पत्र्यावर एकसारखे पडत जाणारे ते ठोके जवळून पाहणे हाही एक अनुभव आहे.

महापालिकेने सिंहस्थापूर्वी या ठिकाणी ठळक मराठी फलक लावावेत आणि होळकर पुलापासून तिवंध्यापर्यंतचा पायी मार्ग आखून द्यावा. रस्त्यांची कामे काढताना रहाडींच्या तोंडावर काँक्रीट पडणार नाही, याची खबरदारी ठेकेदाराला लेखी आदेशानेच घ्यायला लावावी, कारण एकदा बुजलेली रहाड पुन्हा शोधून उघडणे फार कठीण असते.

— एक रहिवासी, तिवंधा, जुने नाशिक