संगीत संयोजकांना श्रेय मिळावे

माननीय संपादक महोदय,

'सैराट'साठी (२०१६) अजय-अतुल यांनी अमेरिकेतील स्टुडिओत सिंफनी वाद्यवृंद ध्वनिमुद्रित केला, तेव्हापासून मराठी गाण्यातील पाश्चात्त्य वाद्यमेळावर भरभरून लिहिले जाते, आणि ते रास्तच आहे. मात्र ही वाट ज्यांनी पाडली, त्या गोमंतकीय वादकांचा व संयोजकांचा (म्हणजे चालीभोवती वाद्यमेळ रचणाऱ्यांचा) उल्लेख अशा लेखांत क्वचितच आढळतो, याची खंत वाटते.

१९५१ चा हिंदी चित्रपट 'अलबेला' घ्या. पुणतांब्यात जन्मलेल्या सी. रामचंद्र यांनी या एकाच चित्रपटात 'धीरे से आजा री अखियन में' ही अंगाईही दिली आणि 'शोला जो भडके'ही. या दुसऱ्या गाण्याची चाल कोणालाही गुणगुणता येईल इतकी सोपी, आपल्या वळणाची आहे. पण तिच्याखाली बोंगो या छोट्या जोड-ढोलांचा लॅटिन अमेरिकी ठेका चालतो आणि गाण्याच्या दोन ओळींमधली जागा वाद्ये अशी भरून काढतात, की चालीला कुठेही धक्का लागत नाही. गोव्यातील हळदोण्याचे ट्रम्पेटवादक चिक चॉकलेट, म्हणजेच आंतोनियो झेवियर वाझ, आपल्या बँडसह या चित्रपटात पडद्यावरही दिसतात. तरीही त्यांचे नाव आज किती रसिकांना ठाऊक आहे?

पोर्तुगीज अमदानीत गोव्यातील चर्चच्या शाळांमधून मुलांना व्हायोलिन आणि स्वरलेखन शिकवले जाई. संगीतकार पेटीवर चाल बांधत. ती ऐकून प्रत्येक वाद्याचा भाग कागदावर उतरवण्याचे काम ही गोमंतकीय मंडळी करीत. आपल्या रागसंगीतात हार्मनी, म्हणजे पाश्चात्त्य संगीतातली एकाच वेळी अनेक स्वर जुळवण्याची पद्धत, नाही, त्यामुळे रागाच्या अंगाने जाणाऱ्या चालीला कॉर्डची (एकत्र वाजणाऱ्या स्वरांच्या गटाची) जोड देताना तिचा मूळ भाव जपायचा, तर दोन्ही संगीतांचा कान हवा. गोव्यातील माजोर्ड्याचे संयोजक अँथनी गोन्साल्विस यांच्याकडे तो होता. १९५८ मध्ये मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयात त्यांनी भारतीय आणि पाश्चात्त्य संगीताचा मेळ घालणारा वाद्यवृंद उभा केला, तेव्हा लता मंगेशकर आणि मन्ना डे त्यात गायले होते. शंकर-जयकिशन यांच्या गाण्यांच्या वाद्यमेळामागे संयोजक सेबॅस्टियन डिसोझा यांची लेखणी होती, हेही जाणकारांपुरतेच राहिले आहे.

जुनी गाणी आज मोबाइलवर ऐकताना बहुधा गायक, संगीतकार आणि गीतकार एवढीच नावे दिसतात. ध्वनिमुद्रिकांचे हक्क असलेल्या कंपन्यांनी, जिथे माहिती उपलब्ध आहे तिथे, संयोजक आणि प्रमुख वादकांची नावेही द्यावीत. आपल्या दैनिकानेही चित्रपटसंगीताच्या प्रत्येक परीक्षणात संयोजकाचे नाव छापण्याचा प्रघात सुरू करावा, ही नम्र विनंती.

आपला,
एक वाचक, दादर, मुंबई