पाऊस शून्य, की नोंदच नाही? मदत व पुनर्वसन मंत्र्यांना खुले पत्र

मा. मंत्री महोदय,
मदत व पुनर्वसन विभाग, महाराष्ट्र राज्य

स. न. वि. वि.

महसूल मंडळात (म्हणजे काही गावांच्या गटात) 24 तासांत 65 मिलिमीटरपेक्षा जास्त पाऊस झाला की अतिवृष्टी धरतात, आणि पंचनाम्यांची चक्रं फिरू लागतात. मी डेटाबेसवर काम करतो. मला त्या आकड्यापेक्षा रिकाम्या रकान्याची धास्ती जास्त.

समजा, ऐन पावसात एका मंडळाच्या पर्जन्यमापकाची बॅटरी गेली. त्या दिवसाचा रकाना रिकामा, म्हणजे 'नल'. '65 पेक्षा जास्त' अशी क्वेरी, म्हणजे डेटाबेसला प्रश्न, टाकली तर हे मंडळ येणार नाही, ते साहजिकच. पण '65 किंवा कमी' टाकली तरी येत नाही! एसक्यूएलमध्ये, म्हणजे या क्वेरींच्या भाषेत, नलशी केलेल्या तुलनेचं उत्तर हो नसतं, नाहीही नसतं. ते 'माहीत नाही' असतं, आणि क्वेरी फक्त 'हो'वाल्या ओळी उचलते. मंडळ दोन्ही याद्यांतून गायब. दोन्ही याद्यांची बेरीज एकूण मंडळांशी ताडून पाहिली तरच हे लक्षात येतं, आणि आपत्तीच्या धामधुमीत ते कोण करणार?

यावरचा घाईचा उपाय प्रत्येक प्रोग्रॅमरला तोंडपाठ असतो: 'कोअलेस' लावा, रिकाम्या जागी शून्य घ्या. अहवाल देखणा होतो आणि शेतं वाहून गेलेल्या मंडळात कागदोपत्री कोरडा दिवस लागतो. समजा, एका तालुक्याच्या चार मंडळांपैकी तिघांत 72, 68 आणि 70 मिलिमीटर, चौथ्याची नोंद नाही. एसक्यूएलची सरासरी नल वगळते, उत्तर 70. शून्य भरलं की 52.5. आता 70 हाही पुरता खरा आकडा नव्हे, पण त्याच्या शेजारी 'चारपैकी तीन मंडळे' असं छापता तरी येतं.

(आधी मदत मिळालेल्यांना वगळायला 'नॉट इन', म्हणजे 'या यादीत नसलेले' ही अट, वापरली आणि वगळायच्या यादीत एकच खाते क्रमांक रिकामा निघाला, तर निकालात एकही नाव उरत नाही. ती चूक निदान लगेच डोळ्यांत भरते.)

म्हणून विनंती अशी: मूळ नोंदीत रिकाम्या जागी शून्य भरायला मनाई करावी. शेजारच्या केंद्राचा आकडा धरला असेल तर तसं स्पष्ट लिहावं. प्रत्येक यादीसोबत 'नोंद उपलब्ध नाही' अशी तिसरी यादी जाहीर व्हावी आणि त्या मंडळांत तलाठ्यानं प्रत्यक्ष पाहणी करावी. सॉफ्टवेअर ताब्यात घेताना मुद्दाम रिकामे रकाने घालून चाचणी घ्यावी. निविदेत ही अट दोन ओळींत बसेल.

आपला,
एक डेटाबेस प्रोग्रॅमर