आई-बाबांना, वाडीवरून

प्रिय आई-बाबा,

जय येशू. परवा फोन मध्येच कट झाला. इथे रेंज मिळते ती फक्त पाण्याच्या टाकीजवळ, तीही वाऱ्याची मर्जी असेल तर. म्हणून हे पत्र. उद्या कोणीतरी महाडला बाजाराला जाईल, त्याच्या हाती देते.

आई, तुझा प्रश्न अर्धाच ऐकू आला, पण पुरता कळला. चर्चमध्ये मिस्सा सुटल्यावर बायका विचारत असणार, "तुमच्या सिस्टरने किती जणांना बाप्तिस्मा दिला?" सांग त्यांना, एकालाही नाही. एक तर ते फादरचं काम. आणि इथे कुणी मागितलेला नाही, मीही विषय काढलेला नाही. तीन पावसाळे झाले मला या कातकरवाडीत. पहिल्या पावसाळ्यात तर ओल्या लाकडांची चूलही पेटायची नाही माझ्याच्याने. शेजारची आजी येऊन फुंकणी हातातून काढून घ्यायची.

बाबा, तुम्ही विचारता दिवसभर करतेस काय. काल त्याच आजीबरोबर रेशन दुकानापुढे बसले होते, सकाळपासून. कार्ड अंत्योदयचं, महिन्याला ३५ किलो धान्य हक्काचं, पण मशीनवर अंगठा लागत नाही. जन्मभर भट्टीवर विटा थापून बोटांवरच्या रेषाच गेल्यात. ओल्या फडक्याने पुसून पाहिला, पदराने कोरडा केला, खोबरेल लावलं. त्यात सर्व्हर दोनदा बंद. शेवटी डाव्या हाताचं मधलं बोट लागलं. मशीन बोललं तशी आजी दचकली आणि मशीनलाच हात जोडले तिने.

तिच्या नातवाच्या जातीच्या दाखल्याला ६ सप्टेंबर १९५० च्या आधीचा पुरावा हवा. आपल्याकडे आजोबांच्या केळीच्या वाडीचे कागद पत्र्याच्या पेटीत आहेत. ज्याचा पणजोबा दर वर्षी नव्या भट्टीवर गेला, त्याने पेटी कुठे ठेवायची? म्हणून मी शाळांची जुनी रजिस्टरं धुंडाळत फिरते.

ऑक्टोबरच्या उकाड्यात एका पोराला लाल विंचू चावला. हातपाय गार, अंगाला दरदरून घाम, उलट्या. वाडीतल्या म्हाताऱ्याने मंत्र सुरू केला, मी टेम्पो शोधायला धावले. टेम्पोतही तो मंत्र म्हणत होता आणि मी माळ जपत होते. दवाखान्यात प्राझोसिनची गोळी दिली. औषध मूळचं रक्तदाबाचं. विंचूदंशावर ते चालतं हे जगाला दाखवलं डॉ. हिंमतराव बावस्करांनी, तेही इथल्याच महाड-बिरवाडी भागात काम करून. सकाळी पोरगं बिस्कीट मागत होतं. म्हातारा म्हणतो, मंत्राने उतरलं. मी वाद घातला नाही. माझ्या माळेचं नाव तरी मी कुठे घेतलं?

दिवाळी झाली, वाडी रिकामी होतेय. मुकादमाची उचल पावसातच घेऊन खाऊन झालेली, ती आता फेडायची. ट्रकमध्ये भांडी, कोंबड्या, पोरं, सगळं एकत्र. परतणार ते पावसाच्या तोंडावर. चौथीतली एक पोर आता कुठे जोडाक्षरं वाचू लागलीय. तिच्या आईला मी शाळेवर चांगलं लांबलचक ऐकवलं. ती म्हणाली, "मग तान्ह्याला भट्टीवर तू बघशील?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. भाषण दिल्याची लाजच वाटली. ट्रक निघायच्या आदल्या रात्री ती आली. पोरीची ताटली माझ्या चुलीपाशी ठेवली, दोन फ्रॉक दोरीवर टाकले आणि काही न बोलता गेली.

तेव्हा नाताळला मी येणार नाही. फोनवर हेच सांगायचं होतं. आई, रेंज गेली ते एका परीने बरंच झालं, तुझा आवाज ऐकून मी डळमळले असते.

बाबा, गुडघा दुखतोय तर बावखलाच्या पाण्यात उतरू नका, पंप बघायला कुणालातरी बोलवा. आणि आई, आगाशीची सुकेळी उरली असतील तर पाठव. आमच्याकडे केळी उन्हात वाळवून खातात असं पोरीला सांगितलंय. तिला ते अजिबात खरं वाटत नाही.

तुमची,
धाकटी