निपल शील्ड मागितलं, दुधाचे डबे दाखवले

प्रति,
मा. व्यवस्थापक,
ग्राहक सेवा विभाग, मुख्य कार्यालय

विषय : आपल्या बाळांच्या वस्तूंच्या दुकानाच्या नाशिक शाखेत १२ जून रोजी आलेला अनुभव आणि ३८० रुपयांचा परतावा

महोदय / महोदया,

पत्र जरा लांबेल. एका बैठकीत लिहूनही होणार नाही, कारण मुलगी दर दोन तासांनी उठते. आज ती २६ दिवसांची आहे. ज्या दिवसाबद्दल लिहितेय त्या दिवशी ११ दिवसांची होती.

माझं सिझेरियन झालं. दूध उतरायला चौथा दिवस उजाडला आणि उतरलं ते असं की छाती दगडासारखी झाली. मुलीला नीट तोंडात धरताच येईना. नुसतं टोक पकडायची, दोन घोट ओढायची, सुटलं की किंचाळायची. दोन्हीकडे चिरा पडल्या. पाजायची वेळ झाली की माझ्या पायांची बोटं आधीच आवळली जायची. आई म्हणे अळिवाची खीर खा, सासूबाई म्हणत शतावरी घे. पण दूध भरपूर होतं, अडत होतं ते धरण्यावर. हॉस्पिटलच्या सिस्टरनी मुलीची पकड पाहिली आणि सांगितलं, चिरा भरेपर्यंत चार-पाच दिवस निपल शील्ड लावून पाजा, २० मिलिमीटरचं आणा, तोवर पकड सुधारू.

निपल शील्ड म्हणजे आईनं स्वतःला लावायची पातळ सिलिकॉनची टोपी. आमच्या कोपऱ्यावरच्या मेडिकलमध्ये नव्हती, तुमच्या वेबसाइटवर मात्र ‘शाखेत उपलब्ध’ असं दिसत होतं. ११ तारखेला संध्याकाळी नवरा तुमच्याकडे गेला आणि बाटलीला लावायच्या निपलांचं पाकीट घेऊन आला, ३८० रुपयांचं. तो काउंटरवर पुटपुटला असणार, हे मी धरून चालते. समोरच्यानंही जे अर्धवट ऐकू आलं त्यावरून पाकीट काढून दिलं असणार. घरी पाकीट फोडल्यावर घोटाळा कळला.

दुसऱ्या दिवशी मी स्वतः निघाले. ओल्या बाळंतिणीनं सव्वा महिना उंबरा ओलांडू नये म्हणणारी आई दारात आडवी उभी होती. शेवटी कानाला रुमाल बांधून आणि मुलीला दुपट्यात गुंडाळून आम्ही गाडीत बसलो.

काउंटरवर विशीतला मुलगा होता. मी स्पष्ट शब्दांत काय हवं ते सांगितलं. त्यानं ‘निपल’ हा शब्द ऐकला आणि नजर बिलिंगच्या मशीनवर खिळवली. म्हणाला, “मॅडम, लेडीज आयटम लेडीज स्टाफच बघतो. त्या जेवायला गेल्यात.” मी थांबले. टाके ओढत होते, बसायला काही नव्हतं. लहान मुलांच्या तिचाकी सायकली ओळीनं मांडलेल्या होत्या, त्यातल्या एकीच्या सीटला टेकून मी २५ मिनिटं काढली.

ताई आल्या. मुलानं त्यांच्या कानात काहीतरी सांगितलं आणि त्यांनी तिथूनच, चार गिऱ्हाइकांच्या डोक्यावरून विचारलं, “दूध येत नाही का मॅडम?” मी शील्डचं सांगेपर्यंत पावडरचे दोन डबे काउंटरवर आले होते. “शील्डच्या भानगडीत कशाला पडता? दोन डब्यांवर बाटली फ्री आहे. बाळ पोटभर पिऊन झोपतं बघा.” मी पुन्हा नाही म्हटल्यावर त्या आवाज खाली आणून बोलल्या, “घ्या ना मॅडम, या महिन्याचं टार्गेट राहिलंय माझं.” डब्यावर छापलं होतं की आईचं दूध बाळासाठी सर्वोत्तम आहे. आमच्या दोघींच्या मधे, अगदी कोपराजवळ.

पावडरच्या डब्याशी माझं वैर नाही. मुलीचं वजन पहिल्या आठवड्यात जास्त उतरलं तेव्हा डॉक्टरांच्या सांगण्यावरून तिला दोन वेळा वरचं दूध वाटी-चमच्यानं दिलं होतं. पण ते बालरोगतज्ज्ञांनी, वजन करून, मोजून सांगितलं. तुमच्या काउंटरवर ते स्कीममध्ये मिळत होतं. अर्भकांचे दुग्धपर्याय आणि दुधाच्या बाटल्या यांच्या विक्रीवर नियंत्रण ठेवणारा १९९२ चा कायदा आहे, २००३ साली तो आणखी कडक झाला. दोन वर्षांपर्यंतच्या बाळांच्या या डब्यांवर सूट, भेट, मोफत बाटली असं आमिष दाखवायला त्यात मनाई आहे. विक्रेत्यानं आपल्या कर्मचाऱ्यांचा पगार किंवा कमिशन डब्यांच्या खपावर ठरवायचं नाही, असं कलम १० सांगतं. आईला बाळाच्या संगोपनाचे धडे द्यायचं कामही या कर्मचाऱ्यांनी करायचं नाही, हेही त्याच कलमात आहे. ताईंचं टार्गेट त्यांनी स्वतः ठरवलेलं नसणार.

एवढ्यात मुलगी उठली. ती रडली आणि मला पान्हा फुटला. ज्यांना अनुभव नाही त्यांच्यासाठी सांगते, हे थांबवता येत नाही. ब्लाउज, ओढणी, सगळं भिजलं. मी ट्रायल रूम मागितली. सुपरवायझर म्हणाले, ती फक्त कपडे घालून बघायला आहे, हवं तर मॉलचं टॉयलेट वापरा. एसटीच्या स्टँडवरसुद्धा हिरकणी कक्ष असतो. काहींना कुलूप असतं ते सोडा, पण निदान तशी खोली लागते हे कुणाला तरी सुचलं होतं. ‘बाळासाठी सर्व काही’ अशी पाटी लावणाऱ्या तुमच्या दुकानात एक खुर्ची नाही.

मला जागा दिली ती त्याच लाजऱ्या मुलानं. काही न बोलता त्यानं स्टॉकरूमचं दार उघडलं, डायपरच्या खोक्यांमध्ये प्लॅस्टिकचं स्टूल ठेवलं आणि बाहेर दाराकडे पाठ करून उभा राहिला. आत येऊ पाहणाऱ्या एका हमालाला त्यानं सांगितलेलं मला ऐकू आलं, “दहा मिनिटं थांब, आत बाळ जेवतंय.” त्यानंतर सुपरवायझरनी माझ्यादेखत त्याला झापलं, गिऱ्हाईक स्टॉकरूममध्ये सोडलंच कसं म्हणून. त्याचं नाव मी मुद्दाम लिहीत नाही. बिलावरून शोधून काढू नका. त्याच्यावर कारवाई झाली तर या पत्राचा मला पश्चात्ताप होईल.

त्याचं लाजणं मी समजू शकते. सातव्या महिन्यात माझ्या ओटीभरणाला घरी कासार आला होता. परक्या बायकांचे हात तो दिवसभर हातात घेतो. माझी बोटं सुजली होती. त्यानं साबणाचं पाणी मागितलं, “हात सैल सोडा ताई,” म्हणाला आणि हिरवा चुडा चढवून पुढचीकडे वळला. त्याला ते बापानं शिकवलंय. शेवटी शील्ड मला मिळालं हॉस्पिटलजवळच्या सर्जिकल दुकानात. तिथल्या साठीच्या काकांनी पेपरातून डोकं वर न काढता विचारलं, “वीस की चोवीस?” संपलं. तुमच्या मुलाला मात्र कुणी एवढे तीन शब्द शिकवले नाहीत. ताईंना शिकवलं ते एवढंच, की आई अडचणीत दिसली की डबा पुढे करायचा.

पाचव्या दिवशी शील्ड सुटलं. मुलगी आता मोठं तोंड उघडून, हनुवटी टेकवून, खालचा ओठ बाहेर वळवून धरते. दिवसातून दहा-अकरा वेळा पिते आणि वजन वाढतंय.

आता मागणं. फोडलेलं पाकीट स्वच्छतेच्या कारणानं परत घेत नाही, असं मला सांगितलं गेलं. तो नियम मला मान्य आहे, पण चुकीची वस्तू तुमच्या माणसानं दिली, म्हणून ३८० रुपये परत द्या. डब्यांवरची बाटलीची स्कीम आणि खपावरचं टार्गेट सगळ्या शाखांमधून काढा आणि काढल्याचं मला लेखी कळवा. या दोन गोष्टींवर १५ दिवसांत उत्तर आलं नाही, तर हेच पत्र जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यांकडे जाईल. ट्रायल रूममध्ये पाजायला परवानगी आहे अशी पाटी आणि आत एक पाठ असलेली खुर्ची, याला तुम्हाला फार खर्च येऊ नये. काउंटरवरच्या सगळ्यांना, पुरुषांनाही, शील्ड, पंप आणि बाटलीचं निपल यांतला फरक एकदा वस्तू हातात देऊन दाखवा.

बिलाची प्रत जोडली आहे. फोन करू नका, दोन्ही हात मोकळे असतील याची खात्री नाही. उत्तर लिहून पाठवा.

आपली,
एक ग्राहक
(नाव व पत्ता सोबतच्या बिलावर)