बाबांच्या शस्त्रक्रियेआधी

लीड्स, इंग्लंड

तीर्थरूप बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

तुमच्या हर्नियाच्या शस्त्रक्रियेची तारीख ठरल्याचे काल दादाकडून कळले. त्या दिवशी मी जवळ नसेन, म्हणून हे सविस्तर लिहीत आहे. दवाखान्यात जाताना पत्र सोबत न्यावे.

इथे आमच्या ऑपरेशन थिएटरमध्ये भूल देण्यापूर्वी, पहिला छेद घेण्यापूर्वी आणि रुग्णाला बाहेर नेण्यापूर्वी असे तीन वेळा सगळे जण हातातले काम थांबवतात. रुग्ण कोण, शस्त्रक्रिया कोणती, कोणत्या बाजूची, कशाची ॲलर्जी आहे, हे मोठ्याने विचारले जाते आणि उत्तरही मोठ्याने दिले जाते. जागतिक आरोग्य संघटनेने २००८ मध्ये आणलेली ही १९ मुद्द्यांची यादी आहे. आठ शहरांतील आठ रुग्णालयांत ती वापरून पाहिली गेली, त्यांत आपली दिल्लीही होती. तिथे शस्त्रक्रियेनंतरच्या मृत्यूंचे प्रमाण १.५ टक्क्यांवरून ०.८ टक्क्यांवर आणि गुंतागुंतीचे ११ टक्क्यांवरून ७ टक्क्यांवर आले. पुढे कॅनडातील ऑन्टॅरिओ प्रांतात १०१ रुग्णालयांत यादी लागू करूनही म्हणावा तसा फरक दिसला नाही. माझ्या मते कागदावर खुणा करणे आणि खरोखर थांबून विचारणे, यांत फार अंतर आहे.

हे मला माझ्याच अनुभवाने पटले आहे. तिकडे पहिल्या नोकरीत असताना एकदा पोट शिवण्याच्या वेळी माझ्या मोजणीत एक मॉप, म्हणजे रक्त टिपायची कापडी घडी, कमी आला. सर्जन अनुभवी होते, पुढचा रुग्ण बाहेर थांबला होता आणि मी सर्वांत नवखी होते. ‘सर, मोजणी जुळत नाही’ एवढे चार शब्द उच्चारायला मला जो वेळ लागला, तो आजही आठवला की अंगावर काटा येतो. मी बोलले, शिवण थांबली आणि मॉप पोटातच सापडला. इथे सुरुवातीलाच प्रत्येक जण आपले नाव आणि काम सांगतो. एकदा सर्वांसमोर तोंड उघडलेल्या माणसाला पुढे हरकत घेणे सोपे जाते, असे मी रोज पाहते.

तुमची शस्त्रक्रिया उजव्या जांघेची आहे. भूल देण्याआधी, तुम्ही पूर्ण जागे असताना, सर्जनकडून त्या बाजूला पेनने खूण करून घ्यावी. पेनिसिलिनच्या इंजेक्शनने तुमच्या अंगावर गांधी उठल्या होत्या आणि श्वास लागला होता, हे तुम्ही ‘जुनी गोष्ट’ म्हणून सांगायचे टाळता. कृपया या वेळी तसे करू नका. जंतुसंसर्ग टाळण्यासाठी छेदापूर्वीच्या तासाभरात प्रतिजैविक देतात, तेव्हा हीच माहिती सर्वांत महत्त्वाची ठरते. दाखल करून घेणारी सिस्टर, भूलतज्ज्ञ आणि सर्जन या तिघांनाही ती वेगवेगळी सांगा. रक्त पातळ करणारी गोळी कधी बंद करायची, हे दादाने आजच डॉक्टरांना विचारावे. मनाने बंद करू नये.

डॉक्टरांना प्रश्न विचारणे म्हणजे त्यांच्यावर अविश्वास दाखवणे, असे तुम्हाला वाटते, हे मला माहीत आहे. पण बाबा, मी स्वतः त्या खोलीत उभी असते आणि ज्या रुग्णाने आपली ॲलर्जी आपणहून सांगितली, त्याचे आम्ही मनापासून आभार मानतो.

शस्त्रक्रिया झाल्याबरोबर दादाला फोन करायला सांगावे. इथे मध्यरात्र असली तरी मी जागी असेन. आईला सा. नमस्कार.

तुमची लेक